अनुभव धागा : ‘माझ्यामागे या’ – तुम्ही कोणाच्या मागे चाललात, तुमच्यामागे कोण आलं?

सलाम मंडळी.

माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे. परवा उपासनेहून रिक्षाने घरी येताना तो मोबाइलवर एका उपदेशकाचं प्रवचन ऐकत होता. इअरफोनचं एक टोक त्याच्या कानात, एक माझ्या. ‘‘कोण रे हे?’’ विचारलं तर म्हणाला, ‘‘मी ह्यांना फॉलो करतो.’’ मग यादीच दाखवली. चौदा जण निघाले. कोणी केरळचे, कोणी अमेरिकेतले, दोघं आपल्या मुंबईचे. ‘‘ह्यांतलं तुला सगळ्यात जास्त कोणाचं पटतं?’’ तर म्हणे, ‘‘असं काही नाही गं आई, ज्याचं त्या दिवशी वर येतं त्याचं.’’

मी त्याला रागावले नाही. पण घरी आल्यावर बायबलमधल्या मत्तयाचा चौथा अध्याय काढून बसले. गालीलाच्या समुद्राकाठी येशू शिमोन आणि अंद्रिया ह्यांना म्हणतो, ‘माझ्यामागे या.’ क्रियापद तेच. ते दोघं जाळी टाकून निघाले. जाळं म्हणजे कोळ्याचं पोट. एवढं टाकून माणूस कोणाच्या मागे जातो तेव्हा तो काय बघून जातो? हा प्रश्न काही डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा.

माझ्यापुरतं सांगते. मी माझ्या आजीच्या मागे चालले. आजी नगर जिल्ह्यात बायबलबाई होती. खांद्याला खादीची पिशवी, पिशवीत मार्काच्या शुभवर्तमानाच्या पातळ पुस्तिका, पाटी नि पेन्सिल. दिवसाला दोन गावं पायी. बायकांना ती आधी त्यांचं स्वतःचं नाव लिहायला शिकवायची, देवाचं नंतर. ‘‘मी वाचते म्हणून खरं मानू नका बायांनो, शिका आणि आपलं आपण वाचा,’’ हे तिचं ठरलेलं वाक्य. त्या बायांपैकी किती जणी ख्रिस्ती झाल्या, मला माहीत नाही. पण आजी वारली तेव्हा आसपासच्या गावांतून बायका बैलगाड्यांनी आल्या होत्या, आणि त्यातल्या एकीने उशाशी ठेवलेल्या वहीत थरथरत्या हाताने स्वतःचं नाव लिहिलं. वही माझ्याकडे आहे.

तुम्हीही लिहा. कोणाच्या मागे जायचं हे कशावरून ठरवलंत? कधी कोणाला सोडावं लागलं का? तुमच्या विश्वासामुळे दुसऱ्या कोणात काही बदललं का? दोन विनंत्या : धर्मांतर बरं की वाईट हा वाद इथे नको, आणि हयात पाळकांची किंवा मंडळ्यांची नावं नकोत. ख्रिस्ती नसाल तरीही लिहा. तुमचंच जास्त ऐकायचं आहे.

नगर जिल्हा, निवृत्त जिल्हा परिषद शिक्षक

ताई, धागा काढलात, बरं केलंत. तुमच्या आजीसारख्या बायबलबाया आमच्या वाडीतही यायच्या.

मी बहात्तरच्या दुष्काळाचं सांगतो. माझं वय तेव्हा आठ. आई-वडील दोघंही रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचे. रेशनला मिलो मिळायची, ती लाल अमेरिकन ज्वारी. तिची भाकरी थापताना तुटायची. आम्ही पोरं शाळेत सुकडी खायचो.

आमच्या वाडीत पाळक आणि शिक्षक एकच माणूस. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. मिशनकडून कधी गव्हाची पोती, कधी दुधाची भुकटी यायची, आणि वाटपाचं काम मास्तरांकडे. चर्चच्या ओट्यावर पोतं फोडायचं, समोर रांग. रांगेत महारवाड्यातले ख्रिस्ती, मांगवाड्यातले, आणि दुष्काळ फारच ताणला तेव्हा गावातली मराठ्यांची दोन-तीन घरंही, पदर पुढे ओढून. मास्तरांच्या हातात मापटं आणि एक लाकडी पट्टी. मापटं भरलं की वरून पट्टी फिरवायची. खर्र असा आवाज यायचा. वर आलेला दाणा परत पोत्यात. कोणालाही दाणाभर कमी नाही, दाणाभर जास्त नाही. माणसं कुरकुर करायची, ‘‘मास्तर, देवाच्या घरी पण पट्टी?’’ आदल्याच रविवारी त्यांनी लूकच्या शुभवर्तमानातला ‘चांगले माप दाबून, हालवून व शीग भरून’ हा उतारा वाचलेला होता. मास्तर म्हणायचे, ‘‘शीग तुमच्या घरची. हे धान्य माझं नाही, मला शीग लावायचा हक्क नाही.’’

एकदा मी आईबरोबर रांगेत होतो. आमच्या मागे दहा-बारा माणसं, आणि अगदी शेवटी मास्तरीणबाई, कडेवर धाकटी. नवरा वाटतोय म्हणून घरी पोचवलं असतं तर कोणी बोललं नसतं. त्या रांगेत. पोतं संपलं तेव्हा त्यांच्या पुढे अजून दोघं होते. मास्तरांनी पोतं उलटं करून झटकलं. बाईंकडे बघितलं, बाईंनी त्यांच्याकडे. दोघंही काही बोलले नाहीत. बाईंनी पिशवीची घडी घातली आणि वळल्या.

मी पुढे अडतीस वर्षं मास्तरकी केली. खिचडीच्या तांदळाचा हिशेब होता, गणवेशाचा होता, मोहात पाडणारे साहेबही होते. दर वेळी ती पट्टी कानात वाजायची. प्रवचनं त्यांची शेकड्यांनी ऐकली असतील, आठवत एकही नाही.

पुणे, नाव-गाव नको

मी सोडून आलेला माणूस आहे. लिहू की नको ह्यात तीन दिवस गेले.

नोकरी लागली त्या वर्षी मी एका प्रार्थना गटात जायला लागलो. मूळचा मी मेनलाइन, म्हणजे जुन्या वळणाच्या चर्चच्या मंडळीतला. आमच्या चर्चमध्ये तरुण म्हणजे पंचेचाळीस वर्षांचा, अशी अवस्था. इथे गिटार होती, माझ्या वयाची दोनशे मुलं होती, डोळ्यांत पाणी होतं. खोटं नाही सांगत, मला तिथे खरंच प्रार्थना करता यायला लागली. पुढाऱ्यांना आम्ही ‘पपा’ म्हणायचो. हळूहळू कोणती नोकरी घ्यावी, कोणाशी लग्न करावं, घर कुठे घ्यावं, सगळं पपांना विचारून. मला त्यात ओझं वाटत नव्हतं. सुटका वाटत होती. निर्णय घ्यायला लागत नव्हते ना.

मी उत्साहाने अकरा जणांना तिथे नेलं. मावशी, दोन मित्र, ऑफिसमधलं एक जोडपं, शेजारच्या काकू. आणि आईला.

आईला पंधरा वर्षांचा मधुमेह, इन्सुलिनवर होती. एका सभेत पपा म्हणाले की बरं झाल्यावर औषध घेणं म्हणजे देवाला ‘मला तुझी खात्री नाही’ असं सांगणं. सरळ कोणाचं नाव घेतलं नाही. हात डोक्यावर ठेवला, आई रडली, दोनशे जणांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांत मीही होतो.

नऊ दिवसांनी दूध ठेवायला फ्रीज उघडला तेव्हा दारातल्या खोक्यात इन्सुलिनची पेनं होती तशीच. मी मोजली. एकही कमी नाही. आई पलंगावर होती, चेहरा सुकलेला, तोंडाला गोडसर वास. साखर पाचशेच्या वर गेली होती. आठ दिवस आयसीयू, आणि पायाच्या जुन्या जखमेमुळे डाव्या पायाचं एक बोट काढावं लागलं. पपांना फोन केला तर ते म्हणाले, ‘‘घरात काही पाप आहे का तपासा.’’

मी दवाखान्याच्या जिन्यात बसलो होतो. राग यायच्या आधी एक विचार आला. अकरा जण. त्यांच्या फ्रीजमध्ये काय असेल?

मग मी एकेकाच्या घरी गेलो. फोनवर नाही, समोर बसून. ‘मी तुम्हांला तिथे नेलं, माझं चुकलं,’ एवढंच बोलायचं ठरवलं होतं. दोन घरांनी दार उघडलं नाही. मित्र म्हणाला, ‘‘तू मागे पडलास, तुझ्यासाठी प्रार्थना करतो.’’ शेजारच्या काकू जे बोलल्या ते मात्र अजून जात नाही. त्या म्हणाल्या, ‘‘तू चल म्हणालास म्हणून आले. आता तू निघ म्हणतोस म्हणून निघू? मग तुझ्यात नि त्यांच्यात फरक काय राहिला बाळा?’’

मला उत्तर देता आलं नाही. काकूंनीच चहा ठेवला, आणि म्हणाल्या, बस, आपण वाचू. त्यांनी बायबल आणलं. प्रेषितांची कृत्ये, सतरावा अध्याय. बिरुयातल्या लोकांबद्दल तिथे आहे. प्रेषित पौल येऊन शिकवतो, ते मोठ्या उत्सुकतेने ऐकतात, आणि मग तो सांगतो ते खरं आहे की नाही हे रोज शास्त्रात शोधून बघतात. खुद्द पौलाचं! आणि ह्याबद्दल त्यांना कोणी अविश्वासी म्हटलेलं नाही, उलट मोठ्या मनाचे म्हटलंय. हा उतारा मी आधी दहा वेळा तरी वाचला असेन.

आता बुधवारी संध्याकाळी आम्ही चौघं-पाचजण काकूंच्या घरी बसतो. पुढारी कोणी नाही. पाळीपाळीने वाचायचं, अडलं तर दोन भाषांतरं ताडून बघायची, तरीही अडलं तर आमच्या जुन्या चर्चच्या पाळकांना विचारायचं. आई येते. ती एकदाही मला बोलली नाही. मागे कोणीतरी तिला विचारलं, एवढं होऊनही विश्वास कसा राहिला? ती म्हणाली, ‘‘मी प्रभूला कुठे सोडलं होतं? मी इन्सुलिन सोडलं होतं. ते परत घेतलं.’’

वसई

वरचं वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही. काकूंना माझा नमस्कार सांगा.

आमच्याकडचं वेगळं आहे. आम्ही वसईचे कॅथलिक, केळी नि पानवेलींची वाडी, वाडीच्या कोपऱ्यात बावखल. बाहेरच्यांसाठी सांगते, बावखल म्हणजे गोड्या पाण्याचं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं आणि आजूबाजूच्या विहिरी त्यामुळे गोड राहतात. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस इमारती येऊ लागल्या आणि टँकर विहिरींचं पाणी उपसून न्यायला लागले. समुद्र जवळ, उपसा वाढला की विहीर खारट. त्या वेळी फादर फ्रान्सिस दिब्रिटो ‘हरित वसई’चं आंदोलन घेऊन रस्त्यावर उतरले. पुढे ते ‘सुबोध बायबल’चे अनुवादक म्हणून आणि २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून महाराष्ट्राला माहीत झाले. २०२४ च्या जुलैत ते गेले.

पण तेव्हा आमच्या घरात त्यांच्यावरून दोन तट होते. काका म्हणायचे, फादरने मिस्सा करावी, जमिनीत कशाला पडावं? जमिनीला भाव आलेला, मुलींची लग्नं व्हायची. माझे वडील मोर्चाला जायचे. मला वाटायचं, ते फादरच्या मागे चाललेत. एकदा तसं बोलले. वडिलांनी मला बावखलाशी नेलं आणि ओंजळभर पाणी प्यायला दिलं. म्हणाले, ‘‘हे पाणी फादरचं नाही नि माझंही नाही. फादर जे बोलतात ते मला पाण्यात आधीच दिसत होतं. मला फक्त वाटत होतं की मी एकटाच.’’

एखाद्याच्या मागे जाणं म्हणजे कधीकधी एवढंच असतं असं मला वाटतं. आपल्या पोटात असलेलं दुसरा मोठ्याने बोलतो. काकांनी वाडी विकली, आम्ही नाही विकली. भाऊबंदकी झाली, दहा वर्षं दोन घरं बोलत नव्हती, हेही सांगायला हवं. विश्वासाने माणसं जोडली जातात तशी तुटतातही. काकांच्या शेवटच्या आजारपणात वडील रोज सकाळी आमच्या विहिरीच्या पाण्याचा तांब्या घेऊन जायचे.

सांगली

मी वारकरी घरातला. माळ घातलेली आहे, आषाढी चुकवत नाही. बायबल वाचलेलं नाही. तरी ताईंनी बोलावलंय म्हणून लिहितो.

वडिलांचं ऑपरेशन मिरजेच्या मिशन हॉस्पिटलमध्ये झालं. डॉक्टर वॉन्लेसनी १८९४ साली सुरू केलेलं ते. आमच्या भागात आजोबा-पणजोबांपासून ‘वानलेसचा दवाखाना’ हेच नाव. ऑपरेशनच्या आदल्या रात्री एक वयस्क सिस्टर आल्या. वडिलांच्या गळ्यातली तुळशीची माळ बघून म्हणाल्या, ‘‘काका, उद्या आत जाताना ही काढावी लागेल. मी स्वतः कापडात बांधून ठेवते, बाहेर आलात की माझ्याच हाताने घालते. आणि तुमची हरकत नसेल तर तुमच्यासाठी प्रार्थना करू का?’’ वडील म्हणाले, करा. त्यांनी अर्धा मिनिट डोळे मिटले. येशूचं नाव घेतलं, पण आवाज असा की खोलीतल्या दुसऱ्या पेशंटची झोप मोडू नये. दुसऱ्या दिवशी वडील शुद्धीवर आले तेव्हा माळ गळ्यात होती.

मी पांडुरंगाचाच आहे, तसाच राहणार. पण ‘तुमची हरकत नसेल तर’ हे शब्द मी त्या बाईंकडून घेतले. कोणाच्या आजारपणाला गेलो की उपाय, नवस, उपदेश सांगायच्या आधी विचारतो.

केडगाव परिसर, दौंड तालुका

माझी पणजी गुजरातची. १९०० च्या दुष्काळात आईबाप गेले आणि पंडिता रमाबाईंनी केडगावला आणलेल्या मुलींत ती होती. मुक्ती मिशनमध्ये तिच्या वाट्याला छापखाना आला. शिशाचे खिळे जुळवायचं काम. रमाबाई मूळ हिब्रू-ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल उतरवत होत्या, आणि ते तिथल्या मुली-बायाच जुळवत, छापत होत्या. आजी सांगायची, पणजीला अक्षरं उलटी वाचायची इतकी सवय की समोरचा माणूस पुस्तक धरून बसला असला तरी ती पलीकडच्या बाजूने धडाधड वाचायची. गुजराती पोर, मराठी शिकली ती उलट्या बाजूने!

लोक म्हणतात, अनाथ पोरी त्या, बाईंनी नेलं तिकडे गेल्या, निवड कसली? मला हे पटत नाही. कारण ज्यांच्या मागे त्या गेल्या त्या बाईच कोणाच्या मागे डोळे मिटून गेल्या नव्हत्या. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, आणि ज्या सिस्टरांनी त्यांना ख्रिस्ताकडे आणलं त्यांच्याशीच पुढे पत्रांतून वाद घातले. शास्त्री-पुरोहितांचं जोखड मोठ्या कष्टाने उतरवलंय, आता तसंच दुसरं मानेवर घेणार नाही, अशा अर्थाचं त्यांनी स्पष्ट लिहिलंय. ख्रिस्ताला धरलं, पण कोणी सांगतं म्हणून नाही. अशी बाई मुलींच्या हातात काय देणार? खिळे दिले. वाचा, जुळवा, चूक सापडली तर दुरुस्त करा.

पणजीने पुढे लग्न केलं, संसार केला. दुपारी जेवणं झाल्यावर ती आसपासच्या बायांना जमवून वाचायला शिकवायची. आजी तिथेच शिकली. आजीकडून आई. मी शाळेत मराठी शिकवते.

नाशिक

छोटीशीच भर. आमच्या शरणपूरला चर्च मिशनने गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं सांभाळली, शिकवली. त्यांतला एक जेकब वेनराइट. मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८७३ साली आफ्रिकेच्या आत वारले तेव्हा तो त्यांच्या तुकडीत होता. त्यांचे सेवक सुसी, चुमा आणि सोबत्यांनी त्यांचं हृदय तिथेच झाडाखाली पुरलं, जेकबने प्रार्थना वाचली आणि झाडावर नाव कोरलं. मग देह वाळवून, सालीत गुंडाळून, कित्येक महिने पायी चालत समुद्रकाठी आणला. १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये शवपेटीच्या खांदेकऱ्यांत जेकब होता.

माणूस मेल्यावर त्याच्या मागे चालायला कोणी भाग पाडत नाही, पगारही मिळत नाही. शरणपूरच्या रस्त्याने जाताना मला ह्या पोरांची आठवण येते. त्यांना विचारायला आवडलं असतं.

सातारा

नवरा ख्रिस्ती झाला, मी नाही झाले. लग्नानंतर चौथ्या वर्षी. सासरी-माहेरी दोन्हीकडून एकच प्रश्न, ‘आता तूही जाणार का?’ त्याच्या नव्या मंडळीतूनही तोच, फक्त आशेने.

तेव्हा एका मैत्रिणीने लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र आणून दिलं. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत बाप्तिस्मा घेतला, आणि लक्ष्मीबाई त्यांच्यामागे लगेच गेल्या नाहीत. पाचेक वर्षं घेतली. आधी वेगळ्या राहिल्या, परत एकत्र आल्या तरी सोवळं स्वतःचं स्वतः पाळलं, आणि जातीचा गुंता स्वतःच्याच डोक्याने सोडवला. त्यांनी ज्या दिवशी ठरवलं तो दिवस त्यांचा होता, टिळकांचा नव्हता. पुढे टिळकांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तावरचं काव्य त्यांनीच पुरं केलं. मी ते आत्मचरित्र रात्री दोनपर्यंत वाचत बसले होते.

नऊ वर्षं झाली. मी अजून बाप्तिस्मा घेतलेला नाही. घरात गणपती मी बसवते, नवरा आरास करायला मदत करतो, आरतीला बाहेर जाऊन उभा राहतो. रविवारी मी कधीकधी त्याच्याबरोबर जाते, शेवटच्या बाकावर बसते. आधी तो चिडका होता. फार. ताटावरून उठून जायचा. आता नाही. हे कशामुळे झालं असं तो म्हणतो, ते मला माहीत आहे, आणि ते मी दुर्लक्षून चालत नाही. माझ्यावर त्याचा प्रभाव पडलाय का विचाराल तर पडलाय. पण त्याने नऊ वर्षांत एकदाही विचारलं नाही, म्हणून पडलाय.

पिंपरी, वय २४

मी शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या रविवारच्या वर्गात शिकवतो आणि गातो. रीलवर गाणी टाकतो, पाहणारे चार हजारांवर गेले. डिसेंबरात आम्ही स्टेशनबाहेर ब्लँकेटं वाटली, त्याचं रील केलं, कधी नव्हे इतकं चाललं. खाली एकाने विचारलं, ‘त्या आजोबांना विचारलं होतं का?’ विचारलं नव्हतं. आजोबा तोंड लपवत होते हे व्हिडिओत स्पष्ट दिसतं. संपादन करताना मला ते दिसलं नव्हतं, कारण मी स्वतःलाच बघत होतो. रील काढून टाकलं.

दुसऱ्या रविवारी माझ्या वर्गातला सात वर्षांचा मुलगा डबा वाटून खाताना दुसऱ्याला म्हणाला, ‘‘थांब, आधी फोटो काढू दे.’’ हातात फोन नव्हता, नुसते दोन हात चौकटीसारखे धरले होते. हे मी त्याला शिकवलेलं आहे. मला ते विसरता येत नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. मुलाला बसवून सगळं वाचायला दिलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग काकूंचं वाक्य परत वाचलं, आणि नगरच्या गुरुजींना त्याच्याकडून एक प्रश्न आहे : ‘त्या रात्री मास्तरांच्या घरी काय खाल्लं?’

नगर जिल्हा, निवृत्त शिक्षक

बाळ, चांगलं विचारलंस. मला ते लिहायला हवं होतं.

घरी आल्यावर आईने आमचा गहू परातीत ओतला आणि दोन वाटे केले. एक वाटा मापट्यात घालून मला बरोबर घेतलं, अंधारातून मास्तरांच्या दारी. मास्तरीणबाई म्हणाल्या, ‘‘दान नको गं, उसने म्हणून दे.’’ आई म्हणाली, उसने तर उसने. अर्धं मापटं होतं ते.

त्र्याहत्तरला पाऊस झाला. बाजरीची सुगी आली तेव्हा बाई दुसऱ्याच्या रानात कणसं खुडायला गेल्या होत्या, मजुरी धान्यात मिळायची. एक दिवस संध्याकाळी आमच्या दारी आल्या. मापटं बाजरीने भरलेलं. आई म्हणाली, ‘‘बाई, अर्धंच दिलं होतं मी.’’ बाईंनी ते आईच्या पदरात ओतलं. वर शीग होती, आणि त्यांनी ती पट्टीने उतरवली नव्हती.